मावशींच्या आजाराची नोंद कोणत्या दप्तरी?

साथ आली म्हणजे रुग्णालयाच्या भिंतीआड जे चालते त्याचा हिशेब समाज दोनच आकड्यांनी मांडतो, बाधित किती झाले आणि दगावले किती. परंतु ज्यांच्या हातांवर रुग्णाचे जगणे-वाचणे अवलंबून असते, त्या परिचारिकांना, वैद्यकीय अधिकाऱ्यांना, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांना, रुग्णवाहिकेच्या चालकांना, आणि ज्यांना सारे रुग्णालय नावाऐवजी 'मामा' आणि 'मावशी' म्हणूनच हाक मारते त्या चतुर्थश्रेणी सेवकांना त्याच साथीने किती प्रमाणात गाठले, हा तिसरा आकडा आपल्याकडे सहसा कोणी मागत नाही, आणि कोणी मागितलाच तर तो तयार मिळेल असे दप्तरही क्वचितच आढळते. माझ्या मते तिन्हींत हाच आकडा सर्वांत बोलका आहे, कारण रोग कितपत घातक होता हे पहिले दोन आकडे सांगतात, तर आपला बंदोबस्त कितपत खरा होता हे तिसराच सांगतो.

लातूर जिल्ह्यातील जळकोटसारख्या ठिकाणाहून पाहिले म्हणजे ही गोष्ट मोठ्या शहरापेक्षा अधिक स्पष्ट दिसते. एका अंगास उदगीर, दुसऱ्या अंगास नांदेड जिल्ह्यातील मुखेड आणि कंधार, आणि मधल्या डोंगराळ मुलखात विखुरलेल्या वाड्या-तांडे, अशा तालुक्याला पहिला आधार ग्रामीण रुग्णालयाचा. आणि ग्रामीण रुग्णालय म्हणजे सरकारी मापाप्रमाणे तीस खाटांची संस्था, जिथे तीन पाळ्यांत वाटून द्यावयाच्या परिचारिका बोटांवर मोजण्याइतक्या असतात. अशा ठिकाणी एका सिस्टरला ताप भरला, तिचा स्वॅब पॉझिटिव्ह निघाला, आणि तिच्याबरोबर पाळी केलेल्या, एकाच खोलीत डबा खाल्लेल्या आणखी तिघींना अलगीकरणात जावे लागले, तर शंभर परिचारिकांच्या शहरी रुग्णालयात जी चार टक्क्यांची अडचण ठरली असती, तीच येथे रात्रपाळी बंद पडण्याचे कारण होते. मग प्रसूतीसाठी आलेल्या बाईला, सर्पदंश झालेल्या शेतमजुराला आणि दम लागलेल्या म्हाताऱ्याला उदगीर, लातूर किंवा नांदेड गाठण्यावाचून उपाय राहत नाही. कर्मचाऱ्यांचा संसर्ग हा म्हणून केवळ कर्मचाऱ्यांचा प्रश्न नव्हे.

आपल्या भागात कोविडच्या साथीने पाऊल ठेवले ते एप्रिल २०२० मध्ये. महिन्याच्या प्रारंभी हरियाणातून आंध्राकडे निघालेल्या आणि निलंग्यात थांबलेल्या प्रवाशांपैकी आठ जण बाधित निघाले, आणि उत्तरार्धात नांदेडच्या पीरबुऱ्हाण भागात त्या जिल्ह्याचा पहिला रुग्ण सापडला. त्याच एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुंबई सेंट्रलच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयातील २६ परिचारिका आणि तीन डॉक्टर बाधित झाल्याचे उघड होऊन महापालिकेने ते सारे रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र म्हणून बंद केले होते. ती बातमी वाचून आपल्याकडे हळहळ पुष्कळ व्यक्त झाली. परंतु तीत दडलेला बोध, की साथीच्या पहिल्याच महिन्यात साधनसंपन्न रुग्णालयही आपल्या माणसांना राखू शकले नाही आणि म्हणून तालुक्याच्या रुग्णालयाची तजवीज त्याच्या आधी व्हावयास हवी, तो मात्र हळहळीत वाहून गेला.

वास्तविक जगाला हा अनुभव नवा नव्हता. २००२-०३ मधील सार्स या विकाराच्या साथीत जगभर ८,०९६ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांपैकी १,७०६, म्हणजे पाचांतील एक, हे आरोग्यसेवक होते. सिंगापूर आणि कॅनडा येथे तर हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्याही वर गेले. तो नवा विकार ओळखून जगाला प्रथम सावध करणारे डॉ. कार्लो उर्बानी मार्च २००३ मध्ये त्याच विकाराने मरण पावले. आपल्या देशात २००१ साली सिलिगुडीत निपाहचा जो उद्रेक झाला त्यात रुग्णालयेच रोगाच्या प्रसाराची केंद्रे बनली होती, आणि २०१८ साली केरळातील पेरांब्रा येथील तालुका रुग्णालयातील परिचारिका लिनी पुथुसेरी निपाहग्रस्त रुग्णाची शुश्रूषा करताना बाधित होऊन गेल्या. पेरांब्राचे रुग्णालयही तालुका पातळीचेच होते, एवढे जळकोटकरांनी ध्यानात घ्यावे. नवा विषाणू प्रथम महानगरातील विशेषज्ञाच्याच दारी जाईल असा काही नियम नाही. तो ज्या रुग्णाच्या अंगी असतो तो रुग्ण जवळचा दवाखाना गाठतो, आणि जवळच्या दवाखान्यात त्याला पहिला हात लावतो तो बहुधा सर्वांत कमी सांभाळलेला हात असतो.

हे केवळ अनुमान नव्हे. कोविडच्या पहिल्या लाटेतच इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील रुग्णालयांत कर्मचाऱ्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे तपासली गेली, तेव्हा जो निष्कर्ष निघाला तो रूढ समजुतीला धक्का देणारा होता. सर्वांत गंभीर रुग्ण जिथे असतात त्या अतिदक्षता विभागातील कर्मचाऱ्यांत पूर्वसंसर्गाचे प्रमाण सुमारे पंधरा टक्के आढळले, आणि झाडलोट, पुसणे, कपडे उचलणे हे काम करणाऱ्यांत ते चौतीस टक्क्यांच्या वर, म्हणजे दुपटीहून अधिक निघाले. ऑक्सफर्ड येथील पाहणीतही सर्वांत अधिक संसर्ग सफाई करणाऱ्यांत आणि रुग्णांची खाट ढकलणाऱ्या सेवकांत दिसला. ज्याच्या तोंडाशी रोग होता त्याला कमी आणि ज्याच्या हाती झाडू होता त्याला जास्त, हे असे कां व्हावे? याचे उत्तर विषाणूच्या स्वभावात जितके आहे त्याहून अधिक माणसांनी केलेल्या वाटपात आहे. अतिदक्षता विभागात धोका ठाऊक होता, म्हणून तेथे उत्तम मास्क, उत्तम पोशाख, हवेचा उपसा आणि प्रशिक्षण हे सारे आधी पोहोचले. सर्वसाधारण कक्षात मात्र ज्याला कोविड आहे हे अद्याप कोणालाच ठाऊक नाही असा रुग्ण खोकत पडलेला होता, आणि त्याच्या खाटेखालची फरशी साध्या कापडी किंवा तीन पदरी मास्कानिशी पुसली जात होती.

त्यात भर पडली ती एका शास्त्रीय आग्रहाची. रोग थेंबांनी पसरतो आणि ते थेंब दोन-तीन हातांवर खाली पडतात, ही भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने प्रारंभी धरून ठेवली. बंद खोलीच्या हवेत सूक्ष्म कणांच्या रूपाने विषाणू तरंगत राहतो हे मान्य करावे, यासाठी जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांना पत्र लिहावे लागले. या वादाचा परिणाम अत्यंत व्यावहारिक होता. थेंबच खरे मानले, तर रुग्णापासून अंतर राखणाऱ्या माणसाला एन-९५ मास्क देण्याची निकड उरत नाही. हवा खरी मानली, तर त्या खोलीत श्वास घेणारा प्रत्येक जण, मग तो नाडी पाहत असो वा बादली उचलत असो, त्याच मास्कचा हक्कदार ठरतो. पहिल्या मताच्या आधारे मास्कांची वाटणी श्रेणीप्रमाणे झाली, आणि विषाणूला तर कोणाचीही श्रेणी ठाऊक नव्हती.

मावशींचे काम नेमके काय असते हे रुग्णालयाबाहेरच्या वाचकाने एकदा जवळून पाहावे. सकाळच्या पाळीला आल्यावर रात्रीच्या भिजलेल्या चादरी ओढून काढायच्या, आणि चादर ओढताना ती झटकली जाते. बेडपॅन रिकामे करायचे. रक्ताचे बोळे आणि मास्क पिवळ्या पिशवीत भरून तिचे तोंड बांधायचे, आणि पिशवीचे तोंड आवळताना तीतील हवा थेट चेहऱ्यावर येते. हायपोक्लोराइटचे पाणी कालवून फरशी पुसायची, आणि त्या वासाने डोळ्यांतून पाणी आले की नकळत हात चेहऱ्याकडे जातो. ज्या रुग्णाचे नातेवाईक आत येऊ शकत नव्हते त्याला पाणी पाजणे, त्याची कूस बदलणे, घाबरलेल्या म्हातारीचा हात धरून बसणे हेही कोविड कक्षात त्यांच्याच वाट्यास आले. मराठवाड्याच्या वैशाखात, पारा चाळिसांच्या पलीकडे असताना, पीपीई किटच्या आत चार-सहा तास घामाने निथळलेली बाई जेव्हा बाहेर येते, तेव्हा सर्वांत धोक्याची घटका तीच असते. कारण किट चढविण्यापेक्षा ते उतरविणे अवघड, प्रत्येक तुकडा ठरल्या क्रमाने, बाहेरची बाजू अंगाला न लावता काढावा लागतो, आणि हे कोणीतरी शेजारी उभे राहून शिकवावे लागते. डॉक्टरांसाठी आणि परिचारिकांसाठी अशी प्रशिक्षणे झाली. सफाईचे काम मक्त्यावर दिले असेल आणि आज आलेली बाई उद्या बदलत असेल, तर तिला ते कोणी शिकवावे, रुग्णालयाने की मक्तेदाराने, या प्रश्नाचे उत्तर लेखी स्वरूपात असावयास हवे होते.

आणि ती घरी जाते. स्कॉटलंडमधील पहिल्या लाटेच्या अभ्यासात असे दिसले, की कोविडने रुग्णालयात दाखल झालेल्या १८ ते ६५ वर्षांच्या रुग्णांपैकी सुमारे एक षष्ठांश हे आरोग्यसेवक किंवा त्यांच्या घरची माणसे होती. तेथे नोंद आडनावांची नव्हे, तर घरांची जुळवता आली, म्हणून हे कळले. आपल्याकडे एका खोलीत सासू-सासरे, नवरा आणि मुले यांच्यासह राहणाऱ्या सेविकेच्या घरी काय झाले असेल, हे आपण केवळ कल्पनेने जाणतो.

आता आपल्या गणनेची कैफियत पाहू. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाने संसदेत असे सांगितले, की आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने बाधित आणि मृत आरोग्यसेवकांची माहिती केंद्राच्या पातळीवर ठेवली जात नाही. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यसभेत आकडे आले ते १६२ डॉक्टर, १०७ परिचारिका आणि ४४ आशा सेविका यांच्या मृत्यूचे. त्यावर इंडियन मेडिकल असोसिएशनने आपल्या यादीत एकट्या डॉक्टरांचीच ७३४ नावे असल्याचे जाहीर केले. दोन गणनांत चौपटीहून अधिक अंतर पडते, ते एखाद्या कारकुनाच्या गफलतीने नव्हे, तर मोजण्याची कोणतीही ठरलेली पद्धतच नसल्यामुळे. डॉक्टरांच्या मागे निदान त्यांची संघटना होती, तिने नावे जमवली, शासनाला विचारणा केली. परंतु त्या उत्तरातील तीन शीर्षके पुन्हा वाचावी: डॉक्टर, परिचारिका, आशा. कक्षसेवक, सफाई कामगार, क्ष-किरण तंत्रज्ञ, रुग्णवाहिकेचा चालक आणि शवागारातील माणूस यांच्यासाठी त्यात शीर्षकच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभर ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्यसेवक कोविडने मरण पावले असावेत असा अंदाज केला. ऐंशी हजार आणि एक लाख ऐंशी हजार यांच्यामध्ये जी एक लाख माणसे आहेत, त्यांचे असणे वा नसणे जगाच्या दप्तरांना निश्चितपणे सांगता येत नाही, याची मला मृत्यूंइतकीच खंत वाटते.

आशा सेविकांचा उल्लेख त्या उत्तरात झाला, हेही त्यांच्या स्वतःच्या झगड्याचे फळ म्हणावे लागेल. त्या रुग्णालयाच्या आस्थापनेवर नाहीत, त्यांना वेतन नसून मोबदला आहे. तथापि 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत घरोघरी ऑक्सिमीटर घेऊन फिरल्या त्या ह्याच. जून २०२१ मध्ये राज्यातील सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या तेव्हा त्यांच्या मागण्यांत पैशाबरोबर संरक्षणाचाही प्रश्न होता, आणि आठवडाभराच्या संपानंतर जे पदरी पडले ते मासिक एक हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपयांचा कोविड भत्ता. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने भारताच्या आशांचा गौरव केला. गौरव योग्यच होता, आणि पाचशे रुपये अपुरे होते.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातून बावीस मृतदेह एकाच रुग्णवाहिकेतून स्मशानाकडे नेल्याचे छायाचित्र देशभर पसरले आणि मराठवाड्याची मान खाली गेली. मृतांच्या विटंबनेबद्दल लोक संतापले, आणि तो संताप रास्त होता. रुग्णालयाकडे पुरेशा रुग्णवाहिका नव्हत्या हे कारणही पुढे आले. परंतु ते बावीस देह ज्यांनी उचलून आत ठेवले आणि पुन्हा उचलून बाहेर काढले, त्या माणसांबद्दल, त्यांच्या अंगावर काय होते, त्यांना पुढच्या पंधरवड्यात ताप आला की नाही, याबद्दल मी त्या दिवसांतल्या वर्तमानपत्रांत काही वाचल्याचे मला स्मरत नाही. अपुऱ्या वाहनांचा आणि अपुऱ्या मनुष्यबळाचा भार ज्याच्या पाठीवर पडतो, त्याच्या शरीरातील विषाणूची मात्राही त्याच अपुरेपणाने वाढते. दोघांचे काम एकाने केले म्हणजे दोघांचा संसर्गाचा काळही एकानेच सोसला. रिक्त पद हे याप्रमाणे रोगप्रसाराचे एक कारण आहे, आणि ते कोणत्याही साथरोगशास्त्राच्या पुस्तकाइतकेच जिल्हा आरोग्य खात्याच्या वेतनपटात वाचता येते.

नोंद नसल्याचा दुसरा आघात मृत्यूनंतर होतो. मार्च २०२० मध्ये केंद्राने आरोग्यसेवकांसाठी ५० लाख रुपयांचे विमासंरक्षण जाहीर केले, आणि त्यात कंत्राटी, रोजंदारीवरील तसेच बाह्यस्रोतातील कर्मचारीही समाविष्ट केले, हे स्तुत्य होते. परंतु दाव्यासोबत प्रयोगशाळेचा अहवाल हवा, आणि मृत व्यक्ती कोविड रुग्णांच्या सेवेत होती असा संस्थेचा दाखला हवा. कायम परिचारिकेच्या बाबतीत पाळ्यांचा तक्ता असतो, हजेरीपट असतो. मक्त्यावरच्या कामगाराचा हजेरीपट मक्तेदाराजवळ, मक्ता संपला की मक्तेदार दुसऱ्या जिल्ह्यात, आणि त्या आठवड्यात तो कोविड कक्षातच होता हे सांगणारा कागद कोठेच नाही. विधवेने हे कसे सिद्ध करावे? तिला हक्क तर मिळाला, पण तो बजावण्याचे साधन रुग्णालयाच्या न लिहिलेल्या एका नोंदवहीत अडकून पडले.

यावर एक आक्षेप मी वारंवार ऐकला आहे, आणि तो वजनदार आहे. कर्मचारी काही केवळ रुग्णालयातच राहत नाहीत. ते बाजारात जातात, लग्नाला जातात, एसटीने प्रवास करतात. मग त्यांचा संसर्ग कामावरचाच हे कशावरून ठरवावे, आणि ठरवता येत नसेल तर मोजून काय साधावे? याचे उत्तर असे, की एका माणसाचा संसर्ग कोठून आला हे बहुधा सांगता येत नाही, परंतु शंभर माणसांची विभागवार, कामवार आणि तारीखवार नोंद असेल तर कोठे काय बिघडले हे आपोआप दिसू लागते. एकाच गावात राहणाऱ्या, एकाच बाजारात जाणाऱ्या दोन गटांत दुपटीचे अंतर पडले, तर ते बाजाराने पाडलेले नसते. बर्मिंगहॅमला जे कळले ते याच रीतीने. आपल्या देशातील उदाहरण हवे असेल तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे घ्यावे. सुमारे साडेदहा हजार कर्मचाऱ्यांपैकी कोणी कोणत्या तारखेला लस घेतली, कोण आजारी पडला आणि कोणाला दाखल करावे लागले याचा हिशेब त्या संस्थेजवळ होता, म्हणून दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात ती सांगू शकली, की दोन मात्रांनी संसर्गापासून ६५ टक्के आणि रुग्णालयात दाखल होण्यापासून ७७ टक्के संरक्षण मिळाले. लसीबद्दल संभ्रम पसरलेला असताना या माहितीचे मोल फार मोठे होते. आपल्याकडेही १६ जानेवारी २०२१ पासून प्रथम आरोग्यसेवकांनाच लस दिली गेली, तारखा आणि मात्रा कोविन प्रणालीत उतरल्या. त्यांना आजाराची आणि कामाच्या जागेची नोंद जोडली असती, तर लातूर-नांदेडच्या रुग्णालयांनाही स्वतःच्या माणसांबद्दल असेच काही खात्रीने सांगता आले असते.

दुसरा आक्षेप असा, की हे आकडे प्रसिद्ध झाले तर रुग्ण घाबरून रुग्णालयात येणार नाहीत. माझा अनुभव उलट आहे. जळकोटसारख्या गावात कोणती सिस्टर रजेवर आहे आणि कोणत्या मामांना लातूरला हलवले हे संध्याकाळपर्यंत घरोघरी पोहोचलेले असते. फलकावर खरा आकडा नसला की त्या जागी ऐकीव आकडा बसतो, आणि ऐकीव आकडा नेहमीच मोठा असतो.

मार्च २०२० मध्ये आपण घराच्या दारात उभे राहून टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या, मे महिन्यात हवाई दलाने रुग्णालयांवर फुले उधळली. त्या कृतज्ञतेत खोटेपणा होता असे मी मानत नाही. माझ्या गल्लीतील थाळ्यांचा नाद मनापासूनचा होता. पण कोणाचे आजारी पडणे हे त्याग म्हणून एकदा स्वीकारले, की ते टाळता आले असते का हा प्रश्न विचारणे अप्रशस्त वाटू लागते, आणि साथीच्या काळात याच प्रश्नाची सर्वांत अधिक गरज असते. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो की नाही, विश्रांतीच्या खोलीला समोरासमोर दोन खिडक्या आहेत की नाही, चहाच्या वेळी सहा जणी मास्क काढून एकत्र बसतात की दोन-दोन बसतात, आजारी पडलेल्या रोजंदारीच्या बाईला त्या दिवसांची मजुरी मिळते की ती बुडेल म्हणून ती अंगात कणकण असताना कामावर येते, या चार गोष्टींनी संसर्गाचे प्रमाण खाली-वर होते. यांतली शेवटची मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्यावर होणारा खर्च एका व्हेंटिलेटरच्या किमतीपुढे नगण्य आहे.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती आहे, तिच्या हाती थोडा निधी आहे, आणि तिच्या सभेत गावचे लोकप्रतिनिधीही बसतात. जळकोटच्या समितीने पुढील सभेत एकच विषय घ्यावा: एक नोंदवही उघडावी, तीत रुग्णालयात काम करणाऱ्या प्रत्येकाचे, कायम असो, कंत्राटी असो वा मक्त्यावरचा असो, नाव, काम आणि त्या दिवसाचा कक्ष लिहावा, ताप, खोकला, तपासणी आणि रजा यांच्या तारखा नोंदवाव्या, त्या रजेची मजुरी दिली की कापली हेही लिहावे, आणि नावे झाकून महिन्याचा गोषवारा दर्शनी फलकावर लावावा. यासाठी मुंबईच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही, आणि साथ येण्याची तर मुळीच नाही, कारण क्षय, कावीळ आणि फ्लू हे रोग याच कर्मचाऱ्यांना दरवर्षी होतात. वही यंदा सुरू झाली, तर पुढील पावसाळ्यातील तापाच्या दिवसांत कोणत्या कक्षातील माणसे अधिक आजारी पडली, हे वैद्यकीय अधीक्षकांना दिवाळीपूर्वी वाचता येईल.